स्वतंत्र ध्वनिमुद्रिकेचे अर्थकारण आणि ‘दशावतार’ : एका मेटल बँडच्या निर्मितीची चिकित्सा

मुंबईच्या ‘डेमॉनिक रेझरेक्शन’ या बँडने २०१७ साली ‘दशावतार’ या नावाची ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध केली. मेटल ही रॉक संगीताची कठोर, वेगवान आणि कर्कशतेला न बिचकणारी शाखा. तिच्या परिभाषेत मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा अवतारांवर दहा गीते या ध्वनिमुद्रिकेत क्रमाने येतात. शब्द इंग्रजी, ठेका पाश्चात्त्य आणि विषय पौराणिक, असे हे मिश्रण आहे. कोकणातील श्रोत्याला ‘दशावतार’ म्हटल्यावर जत्रेतील रात्र, पायपेटी, मृदंग आणि झांज आठवते. त्या आठवणीशी या ध्वनिमुद्रिकेचे वरवर पाहता नावापुरतेच नाते दिसते. तरीही दोहोंच्या निर्मितीमागील व्यवस्था शेजारी ठेवून तपासल्या, तर स्वतंत्र संगीतनिर्मितीसंबंधीचा एक मूलभूत प्रश्न स्पष्ट होतो. ज्या कलेच्या पाठीशी कंपनी नाही, त्या कलेचा खर्च प्रत्यक्षात कोण सोसतो, हा तो प्रश्न होय. भारतीय रॉक बँडविषयीच्या लेखनात ‘स्वातंत्र्य’ हा शब्द गौरवाने वापरला जातो. त्या स्वातंत्र्याची जमाखर्चाची बाजू मात्र क्वचितच मांडली जाते. प्रस्तुत लेखात या एका ध्वनिमुद्रिकेच्या आधारे ती बाजू तपासली आहे.

कंपनी, सिगारेट आणि बँड

भारतीय रॉक बँड आणि ध्वनिमुद्रण कंपन्या यांचा संबंध आरंभापासूनच उसना होता. १९७० आणि १९७१ साली ‘ऑल इंडिया सिमला बीट’ या स्पर्धेतील बँडची गीते तबकड्यांवर निघाली. सिमला हे एका सिगारेटचे नाव होते. स्पर्धा आणि तबकड्या या दोन्हींमागे त्या सिगारेटच्या जाहिरातीचा हेतू होता. म्हणजे ज्या तबकड्या आज परदेशी संग्राहक चढ्या भावाने घेतात, त्यांचा जन्म संगीत-व्यवसायातून न होता तंबाखू-व्यवसायाच्या प्रसिद्धी-खर्चातून झाला. जाहिरातीची गरज संपली तसा तो आश्रयही संपला. त्यातील बहुतेक बँडची स्वतंत्र ध्वनिमुद्रिका कधीच निघाली नाही.

पुढे १९८४ साली मुंबईत ‘रॉक मशीन’ हा बँड स्थापन झाला. १९८८ मध्ये त्याची ‘रॉक अँड रोल रेनिगेड’ ही ध्वनिमुद्रिका सीबीएस कंपनीने काढली. परकीय गीतांच्या नकला न करता संपूर्णपणे स्वतःच्या रचना सादर करणाऱ्या आरंभीच्या भारतीय ध्वनिमुद्रिकांत तिची गणना होते. १९९३ मध्ये बँडने ‘इंडस क्रीड’ हे नाव धारण केले. उपग्रह वाहिन्यांच्या नव्या काळात त्याच्या गीतचित्रफिती आशियाभर दिसल्या. आणि १९९७ मध्ये बँड विसर्जित झाला. कंपनी होती, वाहिनी होती, प्रसिद्धी होती; तरीही बँडच्या सदस्यांना संगीतावर निर्वाह करता येईल अशी बाजारपेठ नव्हती. त्याच दशकात भारतीय ध्वनिमुद्रण-व्यवसायाचा फार मोठा भाग हिंदी चित्रपटसंगीताने व्यापला होता. चित्रपटगीताची प्रसिद्धी चित्रपटाच्या खर्चातच होत असे. बँडच्या गीताची प्रसिद्धी वेगळ्या खर्चाने करावी लागे. कोणताही हिशेबी व्यावसायिक या दोहोंपैकी कोणत्या मालाकडे वळेल, हे सांगण्यास अर्थशास्त्रज्ञाची गरज नाही. इंडस क्रीड २०१० मध्ये पुन्हा एकत्र आला आणि २०१२ मध्ये त्याची ‘इव्हॉल्व्ह’ ही ध्वनिमुद्रिका निघाली. मध्ये गेलेली तेरा वर्षे हा त्या बँडच्या इतिहासातील सर्वांत बोलका भाग म्हणावा लागेल.

दिल्लीच्या ‘इंडियन ओशन’ची वाटचाल याच अनुभवाच्या दुसऱ्या टोकाला पोहोचते. १९९० मध्ये सुरू झालेल्या या बँडची पहिली ध्वनिमुद्रिका १९९३ मध्ये एचएमव्हीने काढली. २००० सालची ‘कंदिसा’ टाइम्स म्युझिकने काढली. ती गाजली. मात्र २०१० मध्ये ‘१६/३३० खजूर रोड’ प्रसिद्ध करताना बँडने कंपनीचा मार्ग सोडला आणि दरमहा एक गीत महाजालावर विनामूल्य दिले. वरकरणी हा त्याग वाटतो. प्रत्यक्षात त्यामागे साधा व्यवहार होता. बँडचे उत्पन्न प्रत्यक्ष कार्यक्रमांच्या मानधनातून येत होते. ध्वनिमुद्रिका विकून हाती पडणारी रक्कम एवढी अल्प होती की, ती सोडून दिल्याने फारसे नुकसान होणार नव्हते. ध्वनिमुद्रिका ही विक्रीची वस्तू न राहता कार्यक्रमाचे निमंत्रण बनली. परंतु निमंत्रण फुकट वाटण्याची सोय ज्याच्याकडे कार्यक्रम आहेत त्यालाच असते. ज्याच्या दाराशी कार्यक्रमांची रांग नाही, त्या बँडचे काय, हा प्रश्न या उदाहरणाने सुटत नाही.

मालकीचा लाभ

डेमॉनिक रेझरेक्शन हा दुसऱ्या प्रकारचा बँड आहे. साहिल मखिजा यांनी तो २००० साली मुंबईत सुरू केला. ‘डेमनस्टीलर’ हे मखिजा यांचे रंगमंचावरील नाव आणि त्याच वर्षी निघालेल्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेचेही नाव. भारतीय कंपन्यांना मेटल हा शब्दच अपरिचित होता. त्यामुळे ‘डेमनस्टीलर रेकॉर्ड्स’ ही स्वतःची प्रकाशनसंस्था उभारण्याखेरीज पर्याय नव्हता. या संस्थेने आपल्या बँडबरोबर इतर भारतीय मेटल बँडच्या ध्वनिमुद्रिकाही काढल्या. २००५ मध्ये ‘अ डार्कनेस डिसेंड्स’ आली. २०१० मध्ये ‘द रिटर्न टू डार्कनेस’ आली आणि परदेशात ती इंग्लंडमधील कँडललाइट रेकॉर्ड्सने वितरित केली. त्याच वर्षी ‘मेटल हॅमर’ या ब्रिटिश नियतकालिकाचा जागतिक मेटलसाठीचा पुरस्कार बँडला मिळाला. २०१४ मध्ये जर्मनीतील वाकेन महोत्सवात बँडचा कार्यक्रम झाला. या यादीतील एकही गोष्ट भारतीय ध्वनिमुद्रण-व्यवसायाच्या पाठबळावर घडलेली नाही, ही बाब लक्षणीय आहे.

स्वतः ध्वनिमुद्रिका काढण्याचा कायदेशीर अर्थ येथे नीट समजून घ्यावा लागतो, कारण तो बहुतेक तरुण वादकांच्याही ध्यानात नसतो. प्रताधिकार अधिनियम, १९५७ अन्वये एकाच गीतात अनेक हक्क एकावर एक रचलेले असतात. शब्दांचा हक्क गीतकाराचा, चालीचा हक्क संगीतकाराचा आणि ध्वनिमुद्रणाचा हक्क निर्मात्याचा. निर्माता म्हणजे ध्वनिमुद्रण घडवून आणण्यासाठी पुढाकार आणि जबाबदारी घेणारी व्यक्ती, असे कायदा म्हणतो. गाणारा गळा अथवा गिटार वाजवणारा हात कायद्याच्या दृष्टीने निर्माता ठरत नाही. स्टुडिओचे देयक आणि जोखीम ज्याच्या शिरावर, तो निर्माता. कंपनी खर्च करते तेव्हा साठ वर्षांपर्यंत टिकणारा हा हक्क कंपनीकडे जातो. बँडला हिस्सा मिळतो तो कराराप्रमाणे, आणि तोही बहुधा खर्चाची वसुली झाल्यानंतर. बँड स्वतः खर्च करतो तेव्हा निर्माताही तोच.

२०१२ च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांना ध्वनिमुद्रणाच्या वापरातून मिळणाऱ्या स्वामित्वशुल्कात निर्मात्याइतकाच वाटा ठेवला आणि तो करारान्वयेही सोडून देता येणार नाही, अशी तरतूद केली. त्यानंतर २०१७ मध्ये इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी या संस्थेची नव्या कायद्यानुसार पुन्हा नोंदणी झाली. या सर्व तरतुदी चित्रपटसंगीतातील लेखकांच्या दीर्घ लढ्यातून आल्या. त्यांचा लाभ स्वतंत्र बँडलाही मिळतो. पण वाटा कितीही न्याय्य झाला तरी तो ज्या रकमेचा वाटा आहे ती रक्कमच नगण्य असेल, तर न्याय कागदावर राहतो. स्वयंप्रकाशनाने बँड जमिनीचा मालक झाला खरा. त्या जमिनीत पीक किती येते, हा वेगळा प्रश्न.

खर्चाचा हिशेब

मेटल ध्वनिमुद्रिकेचा खर्च अनेक अंगांनी वाढतो. ड्रमच्या संचातील प्रत्येक वाद्यासमोर स्वतंत्र ध्वनिग्राहक ठेवावा लागतो आणि त्यासाठी ध्वनिशुद्ध खोली लागते. गिटारचे थर एकावर एक चढवावे लागतात. मग सर्व ध्वनींचे मिश्रण आणि शेवटचा संस्कार करण्यासाठी या संगीताची जाण असलेला तंत्रज्ञ शोधावा लागतो. तो अनेकदा परदेशात असतो आणि त्याचे शुल्कही परकीय चलनात असते. घरगुती संगणकावर ध्वनिमुद्रण शक्य झाल्यापासून यातील काही खर्च कमी झाला हे खरे. परंतु स्वस्त झालेल्या साधनांमुळे ध्वनिमुद्रिकांची संख्याही तितकीच वाढली आणि श्रोत्याचे लक्ष महाग झाले. पूर्वी अडथळा स्टुडिओच्या दाराशी होता. तो आता श्रोत्याच्या कानाशी जाऊन बसला आहे.

विक्रीच्या बाजूनेही चित्र फारसे उत्साहवर्धक नाही. चकती विकण्याच्या काळात किमान एवढ्या प्रती छापाव्याच लागत आणि न खपलेल्या प्रती वादकांच्या पलंगाखाली साठत. ऑनलाइन वितरणात तो साठा उरला नाही. बँडकॅम्पसारख्या मंचावर श्रोता थेट बँडला पैसे देतो आणि मंच साधारणतः दहा ते पंधरा टक्के घेतो. हा व्यवहार स्वच्छ आहे. भारतातील सर्वसाधारण श्रोता मात्र गीत विकत घेत नाही. तो स्पॉटिफायसारख्या सेवेवर ते ऐकतो. ही सेवा भारतात २०१९ मध्ये आली. तेथे बँडला थेट जाता येत नाही. शुल्क अथवा हिस्सा घेणारा वितरक मध्ये लागतो. २०२४ पासून या सेवेने असा नियम केला की, मागील बारा महिन्यांत एक हजार वेळा न ऐकल्या गेलेल्या गीताला ध्वनिमुद्रणाचे काहीही स्वामित्वशुल्क मिळणार नाही. मोठ्या कंपनीच्या भांडारातील अशा गीतांची भरपाई गाजलेल्या गीतांतून होते. दहा गीतांपैकी तीन गाजलेल्या छोट्या बँडची उरलेली सात गीते मात्र सरळ विनामूल्य होतात. आर्थिक उतरंडीच्या तळाशी असलेल्यांकडून वसूल केलेली ही रक्कम वरच्यांत वाटली जाते, हे या नियमाचे वास्तव रूप आहे.

मग बँड जगतो कशावर? मखिजा यांच्याबाबतीत या प्रश्नाचे उत्तर सार्वजनिक आहे आणि ते काहीसे अनपेक्षितही आहे. ‘हेडबँगर्स किचन’ हा त्यांचा यूट्यूबवरील पाककृतींचा कार्यक्रम मेटल संगीताच्या चाहत्यांसाठी गमतीने सुरू झाला. पुढे कमी कर्बोदकांच्या, म्हणजे कीटो आहाराच्या पाककृतींमुळे तो जगभर लोकप्रिय झाला. संगीतासाठी जे प्रेक्षक पैसे देत नव्हते, त्यांहून कितीतरी अधिक प्रेक्षक पनीर आणि अंड्यांच्या पाककृतींसाठी मिळाले. यात विनोद आहे, तसाच कठोर आर्थिक निष्कर्षही आहे. भारतीय स्वतंत्र बँडची खरी ध्वनिमुद्रण कंपनी म्हणजे त्याच्या सदस्यांचा दुसरा व्यवसाय. कोणी जाहिरातसंस्थेत असतो, कोणी संगणक-उद्योगात, कोणी शिकवण्या घेतो. बँडचे अनुदान या पगारातून येते. जोपर्यंत ते पुरते तोपर्यंत बँड ‘स्वतंत्र’ राहतो. विवाह, घराचे हप्ते, आईवडिलांचे आजारपण यांपैकी एखादी गोष्ट आली की अनुदान आटते. बँडच्या विसर्जनाची कारणे समीक्षेत ‘कलात्मक मतभेद’ म्हणून नोंदली जातात. त्यातील बरीच मुळात कौटुंबिक अंदाजपत्रकाची असतात.

जत्रा आणि रंगभवन

या टप्प्यावर दशावतारी नाटकाशी तुलना उपयुक्त ठरते. दशावताराचा मुख्य प्रदेश म्हणजे आजचा सिंधुदुर्ग आणि त्याला लागून असलेला गोव्याचा उत्तर भाग. १ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग वेगळा होईपर्यंत हा प्रदेश रत्नागिरी जिल्ह्यातच होता. वालावलकर, पार्सेकर, मोचेमाडकर यांच्यासारख्या मंडळ्यांनी ही कला पिढ्यान्‌पिढ्या चालवली. कलावंत दिवसा शेती, सुतारकाम किंवा अन्य मोलमजुरी करणारे. रात्री तेच राजा, राक्षस अथवा लुगडे नेसून राणी होणारे. म्हणजे दुसऱ्या व्यवसायाच्या आधारावर कला करण्याची रीत मुंबईच्या मेटल वादकांनी शोधून काढलेली नाही. कोकणात ती फार जुनी आहे.

फरक आहे तो दुसरीकडे. दशावतारी मंडळीचा भांडवली खर्च अत्यल्प. पोशाखांचा पेटारा, तीन-चार वाद्ये आणि रंगमंचावर एक बाकडे. हेच बाकडे सिंहासन, हाच पर्वत, हाच रथ. संहिता लिहिलेली नसते. कथासूत्र ठरते आणि संवाद उत्स्फूर्तपणे रचले जातात. त्यामुळे लेखकाचे मानधन नाही आणि प्रताधिकाराचा प्रश्नही नाही. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मंडळीला प्रेक्षक शोधावा लागत नाही. कार्तिकापासून गावोगावच्या देवळांच्या जत्रा सुरू होतात. त्या तिथी ठरलेल्या असतात आणि अनेक जत्रांशी विशिष्ट मंडळीचा वर्षानुवर्षांचा संबंध असतो. प्रयोग कोणाचाही वैयक्तिक छंद म्हणून होत नाही. तो गावाच्या वार्षिक विधीचा भाग असतो आणि त्याचा खर्च देवस्थान व ग्रामस्थ मिळून उचलतात. उत्तर रत्नागिरीतील नमन-खेळ्यांबाबतही असेच म्हणता येईल. तेथे वाडीची वर्गणी आणि मुंबईच्या चाकरमान्यांनी पाठवलेले पैसे यांवर खेळ उभा राहतो. या कलांच्या ध्वनिफिती निघाल्या, विकल्या गेल्या, त्यातून काहींना चार पैसेही मिळाले. पण ध्वनिफीत निघाली नाही म्हणून कोणते नमन बंद पडले नाही.

भारतीय रॉक बँडला जत्रा लाभली नाही. तिची जागा काही काळ दोन ठिकाणांनी भरून काढली. एक महाविद्यालयीन महोत्सव, आणि दुसरे मुंबईच्या धोबी तलाव परिसरातील रंगभवन हे खुले नाट्यगृह. १९८६ मध्ये सुरू झालेला ‘इंडिपेंडन्स रॉक’ हा महोत्सव रंगभवनात रुजला. अल्प दरात हजारो तरुण तेथे जमत. मुंबईबाहेरून आलेल्या बँडलाही तेथे एकदा वाजवणे म्हणजे दीक्षा घेण्यासारखे होते. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० अन्वये रुग्णालये, शैक्षणिक संस्था आणि न्यायालये यांच्याभोवतीचा शंभर मीटरचा परिसर शांतता क्षेत्र ठरला. रंगभवनाच्या सान्निध्यात महाविद्यालय आणि रुग्णालय दोन्ही आहेत. तेथील मैफली बंद पडल्या. महोत्सव अन्यत्र गेला, पण अन्य जागा एकतर दूर होत्या किंवा महाग. महाग जागेसाठी प्रायोजक हवा आणि प्रायोजकाला ओळखीची नावे हवी. ‘सिमला बीट’च्या काळातील परावलंबन वेगळ्या वेशात परत आले.

याच नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत उघड्या जागी ध्वनिवर्धक वापरण्यास मनाई केली. राज्य शासनाला वर्षातून पंधरा दिवसांपर्यंत मध्यरात्रीपर्यंत सूट देण्याची मुभा आहे. दशावतारी प्रयोग रात्री उशिरा सुरू होऊन पहाटे दहीकाल्याने संपतो. त्याला मध्यरात्रीपर्यंतच्या सवलतीचा उपयोग किती, हे उघड आहे. रुग्णांच्या आणि विद्यार्थ्यांच्या शांततेचा हक्क निर्विवाद आहे. नियम करताना मात्र ज्या कलांचे अस्तित्वच उघड्या जागेवर आणि रात्रीच्या वेळेवर अवलंबून आहे, त्यांचा विचार झालेला दिसत नाही. एरवी एकमेकांना न ओळखणाऱ्या या दोन कला एकाच नियमाच्या कचाट्यात सापडल्या. दशावताराला त्या संकटात गाव पाठीशी मिळाले. बँडच्या पाठीशी उभे राहील असे गाव मुंबईत नव्हते. योगायोग असा की, ज्या वाकेन महोत्सवाचा उल्लेख वर आला ते वाकेन उत्तर जर्मनीतील सुमारे दोन हजार वस्तीचे खेडे आहे. १९९० पासून तेथील शेतांत दर उन्हाळ्यात जगभरचे मेटलप्रेमी जमतात आणि गावकरी त्यांची सोय पाहतात. जत्रेची ही कल्पना कोकणातील कोणत्याही देवस्थानाच्या मानकऱ्याला सहज समजेल.

‘दशावतार’ : रचनेचे मूल्यमापन

निर्मितीची ही परिस्थिती ध्यानात घेतली म्हणजे ‘दशावतार’च्या रचनेतील धाडस समजते. गीत सुटे ऐकले जाणाऱ्या आणि पहिल्या काही सेकंदांत श्रोता न थांबल्यास वाया जाणाऱ्या बाजारपेठेत बँडने दहा गीतांची एक अखंड मालिका केली. कोणत्याही कंपनीच्या विक्री-विभागाने असा प्रस्ताव प्रथम दोन गीतांपुरता छाटला असता. स्वयंप्रकाशनाचा खरा लाभ पैशात नसून या आकृतिबंधात आहे. पूर्ण आवर्तन करण्याचा हक्क बँडने स्वतःच्या खर्चाने विकत घेतला.

तो हक्क त्याने कसा वापरला, यासंबंधी मात्र संमिश्र मत द्यावे लागते. खर्जातील गुरगुरता आवाज आणि स्वच्छ सुरातील गायन यांची आलटून-पालटून योजना हे या बँडचे जुने वैशिष्ट्य आहे. अवतारकथेतील संहार आणि अभय या दोन बाजूंना ते नेमके लागू पडते. ‘नरसिंह’सारख्या अवताराला, जेथे माणूस आणि पशू एकाच देहात आहेत, हे द्विस्वरी गायन जणू आधीपासूनच वाट पाहत होते. भारतीय वाद्यांचा वापरही चवीपुरता केलेला जाणवत नाही. ज्या गीतांत ती येतात तेथे वातावरण घडवतात. मात्र दहा अवतारांना दहा समान कप्पे दिल्याने मालिकेला यादीचे स्वरूप आले आहे. कूर्म आणि कृष्ण यांच्या कथांचे वजन सारखे नाही. एक मुहूर्तमात्र आधार देणारा, दुसरा जन्मभर लीला करणारा.

दशावतारी नाटकाची रीत येथे आठवावी. नावात दहा अवतार असले तरी रंगमंचावर दहाही येत नाहीत. पूर्वरंगात, म्हणजे आडदशावतारात, वेद पळवणारा संकासुर येतो आणि त्याचा वध होतो. मग एखादे पौराणिक आख्यान लागते. म्हणजे केवळ मत्स्यावताराची कथा दाखवून उरलेल्या अवतारांची जाण प्रेक्षकावर सोपवली जाते. लोककलावंताला ठाऊक असते की, प्रेक्षकाला जे आधीच माहीत आहे ते पुन्हा सांगण्यात वेळ दवडू नये. बँडला तसा प्रेक्षक गृहीत धरता आला नाही. त्याचा श्रोता मुंबईचा, पोलंडचा आणि ब्राझीलचाही. त्या श्रोत्याला मत्स्य म्हणजे काय येथून आरंभ करावा लागतो. प्रत्येक गीताच्या शीर्षकाला जोडलेले इंग्रजी स्पष्टीकरण याचीच साक्ष देते. परशुरामाचे शीर्षक त्याला परशूधारी म्हणून ओळखते. चिपळूणजवळच्या परशुराम क्षेत्राच्या परिसरात मात्र तो बाण सोडून समुद्र मागे हटवणारा, भूमी देणारा देव आहे. कुऱ्हाड मेटलला मानवते. समुद्र मागे सारण्याच्या शांत कृतीसाठी तिच्यापाशी ताल नाही. नववा अवतार म्हणून येथे बुद्ध आहे, तर जुन्या मराठी पंचांगांच्या चित्रांत त्याच जागी विटेवरचा विठ्ठल दिसतो. स्थानिक परंपरेपेक्षा ग्रंथातील यादी बँडला जवळची वाटली, हे यातून कळते.

सर्वांत मोठी उणीव संकासुराची आहे. दशावतारात आणि नमनातही काळ्या पोशाखातील हे पात्र प्रेक्षकांशी बोलते, गावातल्या पुढाऱ्यांची टर उडवते, वेद का पळवले याचे हास्यास्पद समर्थन करते. पुराणकथेच्या गांभीर्याला त्यामुळे तडा जातो आणि त्या तड्यातूनच ती प्रेक्षकांची होते. ‘दशावतार’च्या दहा गीतांत असा तडा कोठेही नाही. विनोदाची जाण कलावंताला नाही असे म्हणता येणार नाही. मखिजा यांचा ‘वर्कशॉप’ हा दुसरा बँड निव्वळ विनोदी गीतांसाठीच आहे आणि ‘खूनी मुर्गा’ हे त्याच्या ध्वनिमुद्रिकेचे नाव पुरेसे बोलके आहे. हसणे एका बँडमध्ये आणि गर्जना दुसऱ्यात, अशी विभागणी झाली. मेटलच्या आंतरराष्ट्रीय श्रोतृवर्गाला गंभीर मेटल हवे असते. त्या अपेक्षेला छेद देणे स्वखर्चाने ध्वनिमुद्रिका काढणाऱ्याला परवडले नाही, असा तर्क करता येतो. कंपनीचा दबाव नाहीसा झाला तरी श्रोत्याच्या अपेक्षेचा दबाव शिल्लक राहतो. त्याची वसुली अधिक तत्परतेने होते, कारण मध्ये कोणी मध्यस्थ नसतो.

असे असूनही ही ध्वनिमुद्रिका महत्त्वाची ठरते. एका पिढीच्या इंग्रजी शिकलेल्या शहरी वादकांनी परकीय सैतान-प्रतिमा बाजूला ठेवून घरच्या पुराणाकडे वळण्याचा हा गंभीर प्रयत्न आहे, आणि तो कोणाच्याही मागणीवरून झालेला नाही.

जतन

एक प्रश्न शेष राहतो आणि तो महाविद्यालयांच्या कक्षेत येतो. ग्रंथ व वृत्तपत्रे (सार्वजनिक ग्रंथालये) प्रदान अधिनियम, १९५४ अन्वये प्रकाशित ग्रंथांच्या प्रती राष्ट्रीय ग्रंथालयात जमा होतात. ध्वनिमुद्रिका त्या कायद्यात येत नाही. कंपनीने काढलेल्या ध्वनिमुद्रिकेची मूळ प्रत निदान कंपनीच्या भांडारात असते. स्वतंत्र बँडची मूळ प्रत एखाद्या सदस्याच्या संगणकाच्या हार्डडिस्कवर असते. काही वितरकांचे वार्षिक शुल्क भरणे थांबले की, गीते सेवांवरून काढली जातात. बँड विसर्जित झाल्यावर ते शुल्क कोणी भरायचे, हे कोणत्याही करारात नसते. सिमला बीटच्या तबकड्या निदान वस्तू म्हणून उरल्या. त्यानंतरच्या कित्येक बँडच्या ध्वनिफिती आणि २००० नंतरच्या घरगुती चकत्या आज कोणत्याही ग्रंथालयाच्या सूचीत नाहीत.

कोकणातील नमन आणि जाखडीच्या ध्वनिफितींची स्थितीही वेगळी नाही. त्या कोणा हौशी मंडळाने किंवा लहान व्यावसायिकाने काढल्या, मुंबईत आणि गावी विकल्या, घरोघरी वाजल्या. आज त्या कपाटांच्या तळाशी आहेत आणि दर पावसाळ्यात त्यांच्या फितीवर बुरशीचा आणखी एक थर चढतो.